दान दिलं, पण पाणी सोडलं का?



आजचं वाचन: श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० ते २२.

सतराव्या अध्यायात भगवंत आहार, यज्ञ, तप आणि दान या चार गोष्टी तीन चाळण्यांतून गाळून दाखवतात. सात्त्विक, राजस आणि तामस. आज आपण दानापाशी आलो आहोत.

तीन श्लोकांचा भावार्थ थोडक्यात असा. देणं हे माझं कर्तव्यच आहे या बुद्धीने, जो परतफेड करू शकणार नाही अशाला, योग्य ठिकाणी, योग्य वेळी आणि योग्य व्यक्ती पाहून दिलेलं दान सात्त्विक. परतफेडीची अपेक्षा ठेवून, फळावर डोळा ठेवून, किंवा मनाला टोचत असताना नाइलाजाने दिलेलं दान राजस. आणि अयोग्य ठिकाणी, अवेळी, अपात्राला, मान न ठेवता, तुच्छतेने दिलेलं दान तामस.

वाचायला सोपं आहे. आपण पटकन स्वतःला सात्त्विकच्या रांगेत उभं करून पुढचा श्लोक उघडतो. म्हणून आज एक अगदी आपल्या काळातलं, आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण घेऊ आणि त्यावर हे श्लोक घासून पाहू.

समजा, तुम्ही मूळचे अमरावतीचे किंवा अकोल्याचे. आता पुण्यात हिंजवडीला नोकरी करता. तुम्ही चार मित्रमैत्रिणी मिळून दर महिन्याला थोडे पैसे काढता आणि दर्यापूरकडच्या एका मुलीला इंजिनिअरिंगसाठी मदत करता. वडिलांकडे तीन एकर कोरडवाहू, आई मजुरीला जाते. मुलगी हुशार. अमरावतीला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी दोन विषय राहिले. मग तिचे मेसेज कमी झाले. मग कुठून तरी कळलं की घरी लग्नाची बोलणी चालू आहेत.

आता तुमच्या ग्रुपवर चर्चा सुरू होते. एक म्हणतो, "आपण घाम गाळून पैसे पाठवतो आणि हिला बॅक लागतात?" दुसरी म्हणते, "निदान एक फोन तरी करावा ना माणसाने." तिसरा म्हणतो, "लग्नच करायचं होतं तर दुसऱ्या मुलीची संधी का घालवली?" चौथी गप्प आहे.

या चौघांत कुणीही वाईट नाही. चौघांनीही मनापासून दिलंय. पण भगवंतांनी आखलेली सात्त्विक आणि राजस यांच्यामधली रेघ नेमकी या चॅटमधून जाते. ती कुठून जाते, ते आज पाहू.

देश

'देशे काले च पात्रे' असा सात्त्विक दानाचा क्रम आहे. आधी देश, म्हणजे ठिकाण. आद्य शंकराचार्यांच्या भाष्यात देश म्हणजे कुरुक्षेत्रासारखं पुण्यस्थान आणि काल म्हणजे संक्रांतीसारखं पर्व, असा अर्थ येतो. तो अर्थ मान्यच. पण मला वाटतं, आपल्या काळात प्रत्येकाने आपलं कुरुक्षेत्र आपणच शोधायला हवं.

वऱ्हाडात पूर्णा नदीच्या दोन्ही अंगांना खारपाणपट्टा पसरलाय. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांत. जमीन काळीभोर आणि कसदार, पण खालचं पाणी खारं. विहीर खणली तरी पिकाला देता येत नाही आणि धड पिताही येत नाही. म्हणजे सगळं वरच्या पावसावर. पाऊस वेळेवर आला तर वर्ष निघतं, नाही आला तर कर्ज. अशा गावातली मुलगी बारावी सायन्स करते, सीईटी देते आणि कॅप राउंडमध्ये तिचा नंबर लागतो. कॉलेजं आता जवळ आहेत. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६४ सालचं आहे. बडनेऱ्याला आहे, अकोल्याजवळ बाभूळगावला आहे. शेगावला संत गजानन महाराजांच्या नावाचं इंजिनिअरिंग कॉलेज १९८३ पासून आहे. दर्शनाच्या रांगेत उभे असताना आपल्यातल्या कितीजणांना आठवतं की याच गावात कुणाची तरी मुलगी आत्ता थर्मोडायनॅमिक्सचा पेपर लिहीत असेल?

मग अडतं कुठे? गावापासून कॉलेजपर्यंतचं अंतर फक्त किलोमीटरचं नसतं. रोज एसटीने पन्नास किलोमीटर जाणं, पन्नास येणं, प्रॅक्टिकल संपायला संध्याकाळ, शेवटची गाडी चुकली तर काय, ही घरातली पहिली भीती. म्हणून मुलीच्या शिक्षणाचा खरा 'देश' म्हणजे वसतिगृह. राहायला सुरक्षित खोली आणि दोन वेळचं जेवण असेल तर घरचे हो म्हणतात. नसेल तर गुण कितीही असू देत, ती जवळच्या कॉलेजात बीए करते किंवा घरी बसते.

आपल्या थोरांना हे फार आधी कळलं होतं. डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सगळ्या जातींच्या विद्यार्थ्यांसाठी श्रद्धानंद छात्रालय चालवलं, १९३२ साली श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. परदेशात शिकून आलेल्या या माणसाला नक्की माहीत होतं की गरिबाच्या पोराला पुस्तकाइतकंच छप्पर लागतं. आज अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि मजुरांच्या मुलांसाठी राज्य सरकारचा जो वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, त्याला पंजाबरावांचंच नाव आहे. ते अगदी योग्य वाटतं.

काल

आता वेळ. इथे थोडं थांबूया, कारण शहरातून मदत करणाऱ्यांच्या हातून सगळ्यात जास्त निसटते ती हीच गोष्ट.

"आता तर मुलींना फी माफ आहे ना, मग पैसे कशाला लागतात?" हा प्रश्न बऱ्याचदा ऐकू येतो. प्रश्न रास्त आहे. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षापासून महाराष्ट्र सरकारने व्यावसायिक अभ्यासक्रमांना कॅपमधून प्रवेश घेणाऱ्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतल्या मुलींचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावं, ही अट. शिवाय एआयसीटीईची प्रगती शिष्यवृत्ती आहे, निवड झालेल्या मुलीला वर्षाला ५०,००० रुपये. या मोठ्या गोष्टी आहेत, त्यांचं मनापासून स्वागत करायला हवं.

पण फी म्हणजे शिक्षण नव्हे. खोलीचं भाडं, डिपॉझिट, मेस, लॅपटॉप, ड्रॉइंगचं सामान, वर्कशॉपचा अ‍ॅप्रन, गाडीभाडं, हे सगळं उरतंच. आणि शिष्यवृत्ती असो की भत्ता, आधी अर्ज, मग पडताळणी, मग हप्ता. मेसवाल्याला मात्र पैसे पहिल्या महिन्यातच द्यायचे असतात.

आता दिनदर्शिका समोर ठेवा. प्रवेशाच्या फेऱ्या साधारण जुलै-ऑगस्टमध्ये. त्याच वेळी वऱ्हाडात घरात काय चालू असतं? जूनमध्ये पहिला पाऊस पडला की कपाशीचं बियाणं, सोयाबीन, तूर, खत, फवारणी, निंदणीची मजुरी. घरातला शेवटचा रुपया मातीत गेलेला असतो. सोयाबीन निघतं दसऱ्याच्या आसपास, कापसाची वेचणी त्यानंतर. म्हणजे मुलीच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा निर्णय ज्या पंधरा दिवसांत घ्यायचा असतो, नेमके तेच पंधरा दिवस घरात पैसा नसण्याचे असतात. बाप म्हणतो, "पैसा सारा वावरात हाय, आता कोठून आनू?" तो खोटं बोलत नसतो. मुलीला शिकवायचं नाही असंही त्याच्या मनात नसतं. दिवाळीपर्यंत थांबता आलं असतं तर त्याने दिलेही असते. पण कॅप राउंड दिवाळीपर्यंत थांबत नाही.

म्हणून मंडळी, ज्या दानाला भगवंत 'योग्य काळी दिलेलं' म्हणतात, त्याचा वऱ्हाडातला अर्थ अगदी साधा आहे: पेरणी झाल्यावर आणि वेचणीच्या आधी. जुलैमधले दहा हजार आणि डिसेंबरमधले दहा हजार आपल्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये सारखेच दिसतात. तिच्या आयुष्यात ते सारखे नसतात. आपण आपल्या वाढदिवसाला, इन्क्रीमेंट झाल्यावर किंवा मार्चमध्ये टॅक्स वाचवण्यासाठी देतो, तेव्हा आपण आपला मुहूर्त बघतो. मुहूर्त बघायचा तो घेणाऱ्याचा.

आणि वेळेचं दान पैशाशिवायही करता येतं. जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, नॉन क्रिमीलेअर, डोमिसाइल. यातला एक कागद वेळेवर हातात नसला की हक्काची सवलत निसटते. घरात कुणीच कॉलेजला गेलेलं नसेल तर हे सांगणार कोण? अकरावीतच एखाद्या मुलीला ही यादी समजावून सांगणं, तिच्याबरोबर सेतू केंद्रात जाणं, ऑप्शन फॉर्म भरताना फोनवर सोबत असणं, हेही दान आहे आणि अगदी वेळेवरचं दान आहे.

पात्र

तिसरा शब्द जरा अवघड आहे. पात्र कोण, हे ठरवायचं कसं?

आपली सवय अशी की ज्याचे टक्के जास्त तो पात्र. टक्के बघायला हरकत नाही. इंजिनिअरिंगचा अभ्यास पेलायला हवा, हे खरंच आहे. पण सीईटीचे पर्सेंटाइल हे नुसत्या बुद्धीचं माप नसतं. त्यात क्लासची फी असते, घरातली शांत खोली असते, रात्रीची वीज असते. एका मुलीने दोन वर्षं फक्त अभ्यास केला आणि दुसरीने आईबरोबर वेचणीला जाऊन, लहान भावाला सांभाळून अभ्यास केला. दोघींच्या मार्कांत थोडा फरक पडला, तर जास्त 'पात्र' कोण? मला वाटतं इथे घाईने उत्तर देऊ नये. जाऊन बघावं, बोलावं, तिच्या शिक्षकांना विचारावं. निवड कठीण असते आणि ती कठीण वाटायलाच हवी.

भगवंतांनी मात्र एक खूण देऊन ठेवली आहे: 'अनुपकारी'. ज्याच्याकडून आपल्याला परत काहीच मिळणार नाही असा. म्हणून आपल्याच नात्यातली, आपल्याच जातीतली, आपल्याच सोसायटीत काम करणाऱ्या मावशींचीच मुलगी निवडताना मनाला एकदा विचारावं, यात माझी काही सोय दडली आहे का? मावशींच्या मुलीला मदत जरूर करावी. पण त्या बदल्यात मावशींनी एकही सुट्टी घेऊ नये असं मनात कुठेतरी असेल, तर त्याचं नाव दान नाही, आगाऊ पगार आहे.

हे काम शिस्तीने करणारी माणसं आपल्याकडे आहेत. लीला पूनावाला यांनी १९६७ साली पुण्याच्या सीओईपीमधून मेकॅनिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली. तेव्हा त्या शाखेत मुली दिसतच नसत. पुढे अल्फा लाव्हल इंडियाच्या प्रमुख झाल्या, १९८९ साली पद्मश्री मिळाली. १९९५ साली त्यांच्या नावाचं फाउंडेशन सुरू झालं. गुणवत्ता आणि गरज दोन्ही पाहून मुलींना शिष्यवृत्ती देणारं हे काम पुण्यातून सुरू झालं आणि वर्धा, नागपूर आणि आपल्या अमरावतीपर्यंत आलं. इंजिनिअरिंग शिकणाऱ्या मुली त्यात मोठ्या संख्येने आहेत. मला यातली एक गोष्ट विशेष महत्त्वाची वाटते. ही मदत चेकपाशी थांबत नाही. इंग्रजी बोलणं, आत्मविश्वास, मुलाखतीची तयारी, यासाठीही मुलींना शिकवलं जातं. पहिल्यांदा गाव सोडलेल्या मुलीला 'मी इथे बसण्यालायक आहे' हे वाटायला लावणं, ही पैशाइतकीच मोठी मदत आहे.

पाणी सोडणं

आता त्या ग्रुपवरच्या चर्चेकडे येऊ. देश बरोबर, काल बरोबर, पात्रही बरोबर. तरी दान राजस होऊ शकतं का? होऊ शकतं. कारण भगवंत एकविसाव्या श्लोकात ठिकाण-वेळेबद्दल बोलतच नाहीत. तिथे ते देणाऱ्याच्या मनाबद्दल बोलतात. प्रत्युपकाराची आशा. फळावर डोळा.

आपल्याकडे दान देताना हातावरून पाणी सोडतात. लग्नात पाहिलं असेल, पूजेत पाहिलं असेल. त्या पाण्याचा अर्थ काय? धर्मशास्त्रात दानाची व्याख्याच अशी आहे की त्या वस्तूवरची आपली मालकी संपवायची आणि दुसऱ्याची मालकी निर्माण करायची. पाणी ओघळून गेलं की ते परत ओंजळीत घेता येत नाही. म्हणून तर मराठीत आपण एखाद्या गोष्टीवरचा हक्क सोडला की म्हणतो, "त्यावर मी पाणी सोडलं."

आपण यूपीआयवरून पैसे पाठवतो, स्क्रीनवर हिरवी खूण येते. पण पाणी सोडलेलं असतं का? "तिने फोन करावा", "तिने चांगले मार्क आणावेत", "तिने आमच्या मनाप्रमाणे जगावं", या प्रत्येक वाक्यात मालकीचा एक धागा अजून आपल्या बोटात असतो. पैसे तिच्या खात्यात गेले, दोरी आपल्या हातात राहिली.

यावर कुणी म्हणेल, मग विचारायचंच नाही का काही? पैसे कुठे गेले, ती कॉलेजला जाते की नाही, हेही नाही? हा आक्षेप वजनदार आहे आणि तो झटकून टाकू नये. ग्रुपमधल्या तिसऱ्याचं म्हणणं आठवा. पैसे मर्यादित आहेत, रांगेत दुसरी मुलगी उभी आहे. जबाबदारी न पाहता देणं म्हणजे दुसरीवर अन्याय.

मला यातून वाट दिसते ती अशी. हिशोब विचारणं वेगळं आणि परतफेड मागणं वेगळं. दर सेमिस्टरला गुणपत्रिका पाहणं, फीची पावती पाहणं, हा हिशोब. तो आधीच ठरवावा, मोकळेपणाने सांगावा, आणि तेवढाच ठेवावा. तो दुसऱ्या मुलीसाठी आहे, आपल्या समाधानासाठी नाही. पण "आमच्यामुळे तू इथे आहेस" हे तिला जाणवून देणं, कृतज्ञतेचे मेसेज अपेक्षिणं, तिच्या कपड्यांवर, मित्रांवर, मोबाइलवर मत देणं, तिने कोणती नोकरी घ्यावी हे ठरवणं, ही वसुली. बॅक लागले तर हिशोबी माणूस विचारतो, "काय अडतंय? शिकवणी लावू का?" वसुली करणारा विचारतो, "आम्ही कशासाठी पैसे देतो?" पहिल्या प्रश्नानंतर ती फोन उचलते. दुसऱ्यानंतर तिचे मेसेज कमी होतात.

आणि लग्न? तिला लग्न करायचंच नसेल आणि घरचे दबाव आणत असतील, तर तिला या वेळी माणसांची गरज आहे. नाराज देणगीदारांची नाही. तिच्या वडिलांशी शांतपणे बोलणारं कुणीतरी हवं, "भाऊ, दोनच वर्षं राहिलीत, तेवढं होऊ द्या." आणि समजा तिने स्वतःच्या मर्जीने, पूर्ण विचार करून, वेगळी वाट धरली, तर? तर दुःख होईल, होऊ द्यावं. पण दोन वर्षं जे ती शिकली ते तिचं आहे. ते आपण तिला दिलं होतं, उधार दिलं नव्हतं.

फळाचं गणित किती वेगळं निघतं याचं एक उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव गायकवाड महाराजांनी तरुण भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. अट अशी की परत आल्यावर दहा वर्षं बडोदा संस्थानात नोकरी करायची. १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला आले. त्या शहरात त्यांना जातीमुळे राहायला जागा मिळेना, कार्यालयात अपमान. काही दिवसांतच त्यांना बडोदं सोडावं लागलं. करारातली दहा वर्षं काही भरली नाहीत. कागदावर पाहिलं तर ती शिष्यवृत्ती वसूल झाली नाही. आणि खरं पाहिलं तर? त्या पैशातून काय उगवलं, हे सगळ्या देशाला माहीत आहे. देणाऱ्याच्या करारात जे फळ लिहिलं होतं, त्याच्यापेक्षा किती मोठं फळ त्या बीजात होतं! पेरणाऱ्याने बी टाकावं. झाड काय होणार, ते बीच ठरवतं.

मान

तामस दानाची खूण भगवंत सांगतात ती अपमानाची. 'असत्कृत' आणि 'अवज्ञात', म्हणजे आदर न ठेवता, कमी लेखून दिलेलं. तुम्ही म्हणाल, मुलीला शिकवायला पैसे देणारा माणूस तिला कमी कसं लेखेल? मुद्दाम नाही लेखणार. पण धनादेश वाटपाचे कार्यक्रम आठवा. स्टेज, बॅनर, भला मोठा पुठ्ठ्याचा चेक. सूत्रसंचालक माइकवरून सांगतो की हिचे वडील नाहीत, आई धुणीभांडी करते. खाली तिच्या वर्गातल्या मैत्रिणी बसलेल्या. मग ती वाकून सगळ्या पाहुण्यांच्या पाया पडते. फोटो. संध्याकाळी तोच फोटो फेसबुकवर, तिच्या नावासकट. त्या मुलीला पुढची चार वर्षं त्याच वर्गात बसायचं असतं.

तैत्तिरीय उपनिषदात गुरू निरोप देताना शिष्याला दानाबद्दल जे सांगतात, त्यात श्रद्धेने द्यावं हे आहेच, पण लज्जेने द्यावं हेही आहे. लाजायचं कुणी? देणाऱ्याने! माझ्याकडे इतकं आहे आणि मी इतकंच देतोय, याची लाज. आपण ती लाज घेणाऱ्याच्या अंगावर टाकून मोकळे होतो.

आपल्या वऱ्हाडाच्या मातीत याचं जिवंत भाष्य होऊन गेलं. गाडगेबाबा. १८७६ साली शेणगावात जन्म, लहानपण मूर्तिजापूरजवळ दापुऱ्याला मामाकडे. आयुष्यभर लोकांकडून पै-पै जमवून धर्मशाळा, वसतिगृहं, शाळांना मदत. पण स्वतःच्या पाया कुणाला पडू दिलं नाही. भाकरी खायच्या आधी काम करायचे, झाडू मारायचे, मग खायचे. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. उभी केलेली वास्तू, हक्क न ठेवता. यालाच मी पाणी सोडणं म्हणतो. ज्या माणसाने एवढं दिलं त्याने पाय पुढे केले नाहीत, आणि आपण एका सेमिस्टरची मेस भरून स्टेजवर उभे राहतो?

गंमत बघा. अमरावतीचं विद्यापीठ आज त्याच बाबांच्या नावाने आहे. ज्यांनी कधी शाळा पाहिली नाही, त्यांचं नाव आज कितीतरी मुलींच्या पदवीवर छापलेलं असतं.

ऋण

बाबांनी सुरुवातीच्या काळात पूर्णेकाठी जिथे घाट बांधला, त्या गावाचं नाव ऋणमोचन. अमरावती जिल्ह्यातच, भातकुली तालुक्यात, त्याच खारपाणपट्ट्यात. ऋणातून सुटका करणारं ठिकाण! मला हे नाव आजच्या श्लोकांचं सार वाटतं.

आपली परंपरा सांगते की माणूस जन्मतःच तीन ऋणं घेऊन येतो: देवऋण, पितृऋण, ऋषिऋण. ज्ञान ज्यांनी जपून आपल्यापर्यंत आणलं त्यांचं ते ऋषिऋण, आणि ते फेडायचं शिकून आणि शिकवून. तुम्ही जर सरकारी शाळेत, अनुदानित कॉलेजात शिकला असाल, तर तुमच्या पदवीत हजारो अनोळखी माणसांचा पैसा आहे. काडीपेटी विकत घेताना कर भरणाऱ्या मजुराचासुद्धा. कदाचित त्या दर्यापूरच्या मुलीच्या आजोबांचाही. मग आपण तिला देतो ते दान की उशिरा केलेली परतफेड? श्लोकातलं 'देणं हे माझं कर्तव्यच आहे' हे इथे एकदम उलगडतं. आपणच ऋणको आहोत. ऋणको माणूस हप्ता भरून आभाराची वाट बघत नाही.

आणि म्हणून तीही आपली ऋणी नाही. तिचं ऋण पुढच्या मुलीकडे आहे. ती नोकरीला लागेल, गावात येईल, एखादी शेजारची पोर दारात उभी राहील, "ताई, कॅपचा फॉर्म कसा भरायचा?" तिथे ते फिटेल. आपल्या भाषेत 'पात्र' हा शब्द नदीलाही वापरतात, किती छान आहे ना! नदीचं पात्र पाणी धरून ठेवत नाही, पुढे नेतं.

ग्रुपमधली ती चौथी, जी गप्प होती, तिने काय करावं? मला वाटतं, तिने चर्चा सोडून सरळ मुलीला फोन लावावा. बॅकबद्दल, लग्नाबद्दल काही न विचारता एवढंच म्हणावं, "कशी आहेस गं? जेवलीस का?" पुढचं ती मुलगी सांगेल.

आजचा संकल्प

१. मी दिलेल्या एखाद्या मदतीवर मनातून अजून हक्क ठेवला आहे का, हे आज शोधेन. सापडला तर पळीभर पाणी तुळशीला घालताना तो सोडून देईन.

२. आपल्या गावातल्या अकरावी-बारावीतल्या एका तरी मुलीला कागदपत्रांची यादी समजावून सांगेन.

३. मदत करायची असेल तर जुलैच्या आधी ठरवेन. घेणाऱ्याचा मुहूर्त पाहीन.

४. तिचा फोटो टाकणार नाही. शेगावच्या दानपेटीत नोट टाकताना नाव कुठे लिहितो आपण?

हे पांडुरंगा, द्यायला हात दे, आणि दिल्यावर तो हात मोकळा ठेवायची बुद्धी दे.

उद्या श्लोक २३: ॐ तत् सत्. दानानंतर भगवंत या तीन शब्दांकडे का वळतात, ते उद्या पाहू.

राम कृष्ण हरी! जय गजानन!